वापरलेला एलटीओ-६ टेप ड्राइव्ह: भवानी पेठेतल्या डिझाइन ऑफिसात दहा महिने

पाचपैकी चार तारे. हा ड्राइव्ह कॉम्प्युटरचा डेटा चुंबकीय टेपवर साठवतो; एलटीओ ही त्या टेपची पद्धत, ६ ही तिची पिढी. नुसत्या ड्राइव्हला पाच दिले असते. एक तारा विकणाऱ्याच्या सेवेमुळे गेला, त्याचं कारण पुढे येईलच.

माझं सोलापुरात भवानी पेठेत जॅकार्ड डिझाइनचं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून मागावर विणायच्या नक्षीचं, छोटं ऑफिस आहे. चादर, टॉवेल, नॅपकिन आणि अलीकडे वॉल हँगिंग. मी आणि हाताखाली दोन मुलं. अप्पा, म्हणजे माझे वडील, याच खोलीत चाळीस वर्षं ग्राफ पेपरवर नक्षी काढायचे आणि तिच्यावरून कार्डं पंच करायचे. ते गेल्यावर त्यांचा एकूण एक ग्राफ मी स्कॅन केला. ग्राफ टेबलाएवढा, तो तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून जोडायचा, मग एकेक टिफ फाइल चारशे-पाचशे एमबीची होते. त्यात माझ्या स्वतःच्या बावीस वर्षांच्या फाइली, गिऱ्हाइकांचे नमुने, फोटो. सगळं मिळून सात टीबीच्या आसपास.

दोन वर्षांपूर्वी एक बाहेरची हार्ड डिस्क अचानक बंद पडली. तिच्यातले बरेचसे ग्राफ कागदावरून पुन्हा स्कॅन करता आले. अकरा नाही आले, कारण तोवर मूळ कागद वाळवीनं खाल्ले होते. त्यात अप्पांनी माझ्या लग्नातल्या रुखवतासाठी काढलेली मोराची चादर होती. चादर आहे, ग्राफ नाही. तेव्हा ठरवलं की आता दोन प्रती, दोन ठिकाणी, आणि त्यातली एक तरी अशी की जी विजेला जोडलेलीच नसते.

म्हणून टेप. नवा ड्राइव्ह लाखांत जातो, ते आमच्या धंद्याला परवडणारं नाही. मी वापरलेला, बाहेरून जोडायचा, सॅस जोडणीचा (सर्व्हरमध्ये असते ती) एलटीओ-६ ड्राइव्ह मोठ्या शहरातल्या एका जुना माल विकणाऱ्याकडून अडतीस हजारांना घेतला. सोबत चार वापरलेल्या टेप आल्या, सहा नव्या मी वेगळ्या घेतल्या. एका टेपवर खरी जागा २.५ टीबी. वेष्टनावर ६.२५ टीबी असं मोठ्या अक्षरात असतं, पण तो आकडा डेटा अडीच पटीनं दाबला जाईल असं धरून काढलेला आहे. आमच्या फोटोंच्या फाइली आधीच दाबलेल्या असतात, त्या आणखी दबत नाहीत. खरेदीचा हिशेब २.५ नेच करा.

आता मुख्य विषय. पहिल्या चार महिन्यांत या ड्राइव्हवर मला डेटाच्या चुकांचे पाच वेगवेगळे प्रकार दिसले. फोन केला त्या प्रत्येक वेळी उत्तर एकच मिळालं, "मॅडम, टेप खराब आहे, नवीन घ्या." पाचांतल्या एकाच प्रकारात टेप खराब होती. बाकीच्या चारांत टेपही चांगली होती आणि ड्राइव्हही. हे कळायला मला चार महिने लागले, ते दुसऱ्या कुणाला लागू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली चूक खरं तर चूक नव्हतीच. बॅकअप सुरू केला की ड्राइव्ह सलग गुणगुणायच्या ऐवजी थांबायचा, मागे जायचा, पुन्हा पुढे. खर्र, खट, खर्र. टेप ड्राइव्हला डेटा सलग लागतो. एलटीओ-६ चा पूर्ण वेग सेकंदाला १६० एमबी. डेटा सावकाश आला तर तो आपला वेग काही प्रमाणात कमी करून घेतो, पण साधारण पन्नासच्या खाली गेलं की त्याला थांबून टेप मागे घ्यावीच लागते. मी जुन्या यूएसबी डिस्कवरून हजारो बारीक फाइली थेट टेपवर पाठवत होते, तीसचासुद्धा वेग मिळत नव्हता. अशा घासाघाशीनं टेप आणि हेड दोन्ही झिजतात. आता फाइली आधी एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, घेते आणि तिथून टारनं (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम), मध्ये एमबफर हा दुसरा प्रोग्राम लावून, टेपवर पाठवते. एमबफर मेमरीत आठ जीबी भरून घेतो आणि मगच टेप चालू करतो. आवाज त्या दिवसापासून बदलला.

दुसरा प्रकार एका सकाळी माझा ऊर धडधडवून गेला. लिहिलेली टेप वाचायला घातली तर टार म्हणालं, वाचता येत नाही, मेमरी पुरत नाही. मला वाटलं सगळं गेलं. झालं होतं एवढंच की लिहिताना मी एकेक ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा, ५१२ केबीचा ठेवला होता आणि वाचताना तो आकडा द्यायला विसरले. टार आपणहून १०,२४० बाइटचाच ब्लॉक धरतं, त्यात मोठा ब्लॉक मावत नाही, म्हणून ते नकार देतं. तोच आकडा देऊन वाचलं की सगळं जागच्या जागी. तेव्हापासून आम्ही टेपच्या खोक्यावर तारखेखाली ब्लॉकचा आकडा मार्करनं लिहितो. दहा वर्षांनी ती टेप हातात घेणारी मी असेन किंवा नसेन.

तिसरा प्रकार म्हणजे खरोखरची खराब टेप. ड्राइव्हबरोबर आलेल्या चारांपैकी दोन टेपवर मध्येच काम थांबायचं आणि लिनक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या यंत्रणेच्या, नोंदीत "मीडियम एरर" (टेपवर चूक) यायचं. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. हा ड्राइव्ह लिहितो आणि लिहिलेलं लगेच मागच्या हेडनं वाचून बघतो. नीट उमटलं नसेल तर तोच भाग पुढे पुन्हा लिहितो. म्हणजे टेप थोडी खराब असली तरी आपल्याला कळत नाही, फक्त जागा कमी पडते. माझी एक जुनी टेप २.१ टीबीवरच भरली होती. न दबणाऱ्या फोटोंनी २.५ टीबीची टेप २.१ वर भरते, हीच तिची तक्रार होती. मला ती ऐकू यायला दोन आठवडे गेले.

शहानिशा करायची पद्धत सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो. आधी क्लीनिंग टेप एकदा. मग कोरी करकरीत नवी टेप घालून तोच बॅकअप. नव्या टेपवरही चूक आली तर संशय ड्राइव्हवर किंवा केबलवर. नवीवर आली नाही आणि जुनीवर पुन्हा तशीच आली तर जुनी टेप बाद. ड्राइव्ह स्वतःसुद्धा सांगतो. टेप अलर्ट नावाची ६४ इशाऱ्यांची यादी असते, त्यात विसावा इशारा आला तर अर्थ "आत्ता साफ करा" आणि चौथा आला तर "टेप संशयास्पद". एचपीई आणि आयबीएम या दोघांचीही आपापल्या ड्राइव्हसाठी तपासणीची सॉफ्टवेअर आहेत, ड्राइव्हची सगळी प्रकृती त्यांत दिसते. क्लीनिंग टेप मात्र ऊठसूट घालू नका. ती ठरावीक वेळाच चालते आणि हेडला घासूनच साफ करते. ड्राइव्हनं मागितलं तरच.

आमच्याकडे ड्राइव्ह फार लवकर सफाई मागायला लागला, दीड महिन्यात तीनदा. कारण पायाखालीच होतं. ऑफिस वरच्या मजल्यावर आणि खाली सोळा यंत्रमाग. ड्राइव्हचा पंखा हवा आत ओढतो, आणि आमच्या हवेत काय असतं ते सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कापसाचे तंतू खिडकीच्या जाळीवर आठवड्यात बोटभर साठतात. मी ड्राइव्ह रस्त्याच्या बाजूच्या आतल्या खोलीत हलवला, दार लावून घेतलं, तिथे आम्ही झाडू न मारता ओलं फडकं फिरवतो. त्यानंतरच्या सहा महिन्यांत एकदाच सफाई मागितली.

चौथा प्रकार सोलापुरी उन्हाळ्याचा. एप्रिलच्या अखेरीपासून दुपारी दोन-अडीचनंतर बॅकअप तुटायचा, "अबॉर्टेड कमांड" म्हणून. रात्री तोच बॅकअप, तीच टेप, तीच केबल, पहाटेपर्यंत विनातक्रार. आमच्याकडच्या मुलानं हे पहिल्यांदा हेरलं. म्हणाला, "अक्का, ऊन उतरलं की बरोबर चालतंय बघा की." त्यानं कॅबिनेट उघडून सॅसचं कार्ड दाखवलं, बोट टेकवत नव्हतं. ही कार्डं सर्व्हरमधल्या जोराच्या वाऱ्यासाठी केलेली असतात, साध्या कॅबिनेटमध्ये त्यांच्यापर्यंत वाराच पोचत नाही. बाहेर ४२ अंश, आत त्याहून जास्त. कार्डासमोर एक साधा पंखा पट्टीनं बसवला आणि केबल दोन्ही टोकांना खट्कन बसेपर्यंत दाबली. संपलं.

पाचव्या प्रकारानं मात्र मला रडवलं.

जूनमध्ये पूर्ण संच लिहून झाला. तीन टेप, एकही चूक नाही, ड्राइव्हच्या नोंदी स्वच्छ. मी प्रत्येक फाइलचा चेकसम आधी काढून ठेवला होता, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणितानं निघणारी एक खूण. एक बिट बदलला तरी खूण पूर्ण वेगळी येते. टेपवरून सगळं परत वाचून खुणा ताडल्या. चार हजारांवर फाइली, त्यांतल्या तीन जुळेनात.

तीन म्हणजे काय मोठं, असं विकणाऱ्याकडचा माणूस म्हणाला. हे वाक्य मी विसरू शकत नाही. अप्पा कार्ड पंच झालं की लगेच मागावर चढवू द्यायचे नाहीत. कार्ड खिडकीसमोर धरायचे, शेजारी ग्राफ, आणि एकेक ओळ बोटानं ताडून बघायचे. कारण कार्डात एक भोक चुकलं तर एक दोरा चुकत नाही. प्रत्येक रिपीटमध्ये, प्रत्येक चादरीत, त्याच जागी तो चुकत राहतो, आणि पाचशे चादरी विणून झाल्यावर व्यापारी बोट ठेवतो. न जुळलेल्या तीन फाइलींतली एक उघडून पाहिली तेव्हा ग्राफच्या उजव्या कोपऱ्यात रंगाचा एक बारीक डाग होता, केसाएवढा. मूळ फाइलीत तो नव्हता.

फोनवर पुन्हा तेच, टेप खराब आहे. त्यांनी ड्राइव्ह परत मागवला असता, मी पाठवलाही असता, पण एक गोष्ट मनाला पटत नव्हती. टेपवर डेटा जाताना ड्राइव्ह त्याला चूक ओळखण्याची आणि दुरुस्त करण्याची जोड लावून लिहितो. वाचताना ती जोड तपासतो. टेपवर ओरखडा असला, धूळ असली, तर तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्त झालं नाही तर चूक म्हणून थांबतो. चुकीचा मजकूर गुपचूप हातात देणं त्याच्या घडणीत बसत नाही. माझा ड्राइव्ह तर काही म्हणालाच नव्हता. मग डेटा टेपपर्यंत पोचायच्या आधी बिघडला, किंवा टेपवरून निघाल्यानंतर.

त्याच तीन फाइली टेपवरून दुसऱ्यांदा वाचल्या. दोन जुळल्या. तिसरी जुळली नाही, आणि पहिल्या वाचनात नीट जुळलेली एक चौथी आता बिघडून आली. टेपवर लिहिलेलं तर दोन वाचनांमध्ये बदलत नाही. इथे माझा टेपवरचा संशय पूर्ण फिटला.

नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक दादा आहेत, जिन्याखालच्या गाळ्यात बसतात. त्यांनी टेप ड्राइव्ह आयुष्यात पाहिला नव्हता, ते त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. मी सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, टेप काढून ठेवा बाजूला. नुसत्या कॉम्प्युटरला एकच मोठी फाइल दहा वेळा मोजायला लावा." आणि वर बजावलं की फाइल मेमरीपेक्षा मोठी घ्या, नाहीतर कॉम्प्युटर पहिल्यांदा वाचलेलंच मेमरीतून पुन्हा पुन्हा देईल आणि उत्तर दर वेळी सारखंच येईल. माझ्या मशीनमध्ये १६ जीबी मेमरी. मी ४० जीबीची एक फाइल केली आणि तिचा चेकसम दहा वेळा काढला. आठ वेळा एक उत्तर, दोन वेळा वेगळं. टेप खोक्यात, ड्राइव्ह बंद.

रात्री मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावला. चाळीस मिनिटांत पडदा लाल. मेमरीच्या दोन काड्यांपैकी नंतर टाकलेली एक खराब होती, वर्षभरापूर्वी वेगळ्या दुकानातून घेतलेली. ती काढली, राहिलेल्या काडीवर रात्रभर चाचणी चालवली, एकही चूक नाही. दादांनी नवी काडी त्याच कंपनीची, जोडीनं तपासून दिली आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत. एवढा वेळ ऐकून घेणं हीच मोठी सेवा होती, त्यांना माझ्याकडून पाचपैकी पाच.

एसएसडीवर घेताना, चेकसम काढताना, टेपवर पाठवताना, परत वाचताना, प्रत्येक टप्प्यावर डेटा त्या काडीतून गेला होता. मोठ्या फाइली दिवसभर मेमरीतून ओढल्या म्हणून ते उघड झालं. नेहमीच्या कामात एखादं सॉफ्टवेअर बंद पडायचं, आम्ही पुन्हा चालू करायचो. म्हणजे वर्षभरात सेव्ह केलेल्या कुठल्याही फाइलीत केसाएवढा डाग असू शकत होता. पुढचे तीन आठवडे आम्ही तिघांनी वर्षभरातल्या फाइली जुन्या डिस्कवरच्या प्रतींशी ताडल्या. एकूण सात बिघडलेल्या सापडल्या, सहा जुन्या प्रतीवरून सुधारल्या, एक पुन्हा स्कॅन केली. मग टेपचे दोन्ही संच पहिल्यापासून लिहिले. मोठ्या बॅकअपसाठी मशीन घेणार असाल तर चूक स्वतः पकडणारी, म्हणजे ईसीसी मेमरी घालता येईल असं घ्या. मी पुढच्या वेळी तेच घेणार आहे.

विकणाऱ्याचा तारा इथे गेला. ड्राइव्ह चांगला होता, वेळेवर आला, पॅकिंग उत्तम. पण चार वेळा फोन करूनही एकदाही कुणी विचारलं नाही की चूक लिहिताना येते की वाचताना, ड्राइव्ह काय नोंदवतो, दोनदा वाचल्यावर तीच फाइल बिघडते का. हे तीन प्रश्न विचारले असते तर माझे दोन महिने वाचले असते. वर मी त्यांच्या सांगण्यावरून आणखी चार नव्या टेप विकत घेतल्या, त्यांची गरज नव्हती.

घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी अजून थोडं. एलटीओ-६ च्या टेप एलटीओ-६ किंवा एलटीओ-७ च्या ड्राइव्हवरच वाचता येतात, एलटीओ-८ त्या वाचत नाही. म्हणून पुढेमागे दुसरा ड्राइव्ह घेताना पिढी बघूनच घ्या. सॅसचं कार्ड घेताना साधं एचबीए, म्हणजे ड्राइव्ह नुसता जोडून देणारं, घ्या; अनेक डिस्क एकत्र करणारं रेड (RAID) कार्ड नको, टेपला त्यावर त्रास होतो. बॅकअप चालू असताना डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद ठेवा, नाहीतर ते मध्येच फाइल सेव्ह करतं आणि टार "फाइल बदलली" म्हणून कुरकुरतं. ती तक्रार खरी असते, ती फाइल पुन्हा घ्यावी. ज्यांचा डेटा एक-दोन टीबीच आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. दोन चांगल्या डिस्क आणि नेमानं ताडलेले चेकसम पुरतात. पण स्टुडिओवाले, छापखानेवाले, आमच्यासारखे डिझाइनवाले, ज्यांच्याकडे दर वर्षी टीबीनं भर पडते आणि जुनं फेकता येत नाही, त्यांनी जरूर घ्यावा.

पूर्ण संच आम्ही सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत लिहायचं ठरवलं आहे. जानेवारीत खालचे माग बंद असतात, हवा स्वच्छ आणि थंड असते, मशीन दोन दिवस कुणाला लागत नाही. टेप लांबच्या मुदतीसाठी १६ ते २५ अंशांत ठेवाव्यात असं सांगितलेलं असतं. ते सोलापुरात एसीशिवाय कठीण, म्हणून एक संच ऑफिसच्या आतल्या खोलीत आणि दुसरा अक्कलकोट तालुक्यात मामांच्या धाब्याच्या घरी ठेवला आहे. हातभर जाडीच्या भिंती, मे महिन्यातही माजघर गार असतं. माती झरते म्हणून टेप उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. आणून लगेच लावत नाही, एक दिवस ऑफिसच्या हवेत राहू देते.

गेल्या आठवड्यात तिथली एक टेप आणून सगळी वाचली. ताडलेल्या १,३८६ फाइली, सगळ्या जुळल्या. अप्पांचा शेवटचा ग्राफ त्यात आहे, पाळण्याची नक्षी, अर्धी राहिलेली. तीही जुळली. टेप मामांकडे परत गेली, पुढची तपासणी दिवाळीनंतर.